रजेवर गेलेली आठी

भिंगबाईंच्या दोन भुवयांच्या मधोमध एक उभी आठी होती. मधोमध म्हणायची पद्धत आहे म्हणून म्हटलं. नीट पाहिलं तर ती किंचित उजवीकडे होती, वर बारीक आणि खाली नाकाच्या मुळाशी खोल. उजवीकडे असण्याचं कारण साधं होतं. पाणी तपासण्याच्या प्रयोगशाळेत त्या वर्षानुवर्षं एका जुन्या एकनळी सूक्ष्मदर्शकाला उजवा डोळा लावून बसत आल्या होत्या. दुसरा डोळा मिटू नये, उघडाच ठेवावा, असा नियम आहे आणि भिंगबाई तो नवीन माणसांना न चुकता शिकवत. स्वतः मात्र कपाळ आवळून बसत. शिकवणारा आणि पाळणारा एकच असावा असा काही नियम नाही.

तेव्हा ही आठी रागाची नव्हती, लक्ष देण्याची होती. सुताराच्या तळहाताला घट्टे पडतात, म्हणून सुतार चिडलाय असं कोणी म्हणत नाही. पण कपाळाच्या बाबतीत जगाला एवढा विचार करायला सवड नसते. 'भिंगबाई' हे नावही कचेरीनं त्यांच्या मागे ठेवलेलं. त्याचं त्यांना वाईट वाटत नसे, कारण ते निदान वस्तुस्थितीला धरून होतं.

आठीचा एक फायदा होता आणि तो खुद्द भिंगबाईंच्याही ध्यानात आलेला नव्हता. त्यांना आयुष्यात कधी 'नाही' म्हणावं लागलं नव्हतं. उदाहरणार्थ वन्सं. भिंगबाईंची ही मोठी नणंद शाळेत खेळाची शिक्षिका होती आणि निवृत्त झाल्यावरही तिची शिट्टी गळ्यातून उतरली नव्हती. दोन वर्षांपासून वन्संच्या मनात एक हास्यवर्ग काढायचा होता, रोज सकाळी, आणि तो भिंगबाईंच्या पुढच्या खोलीत. कारण ती खोली मोठी, हवेशीर, आणि वन्संची स्वतःची नव्हे.

वन्सं विषय काढत. भिंगबाई विचार करू लागत. विचार करताना आठी पडे. "बरं बाई, नको तर नको," म्हणून वन्सं उठत. भिंगबाई 'नको' म्हणालेल्याच नसत. त्या फक्त विचार करत असत, आणि आपला विचार अजून पूर्ण व्हायचाय अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती.

त्या पुढच्या खोलीत खिडकीशी एक वेताची खुर्ची होती. कामावर जाण्याआधी भिंगबाई रोज चहाचा कप घेऊन तिथे बसत. अख्ख्या दिवसात तेवढाच वेळ असा, की कोणी त्यांना काही विचारत नसे. नवऱ्यालाही ते ठाऊक होतं. तो तेवढ्यापुरता वर्तमानपत्रसुद्धा आवाज न करता उलटत असे. संसारात याहून मोठा त्याग कोणी केल्याचं भिंगबाईंच्या ऐकिवात नव्हतं.

हे सगळं सुरळीत चाललं होतं. मग कचेरीत ते यंत्र आलं.

यंत्र म्हणजे खालच्या मजल्यावर लोकांच्या खिडकीशी ठेवलेली एक पेटी. तिच्यावर तीन चेहरे होते, हिरवा हसरा, पिवळा मख्ख आणि लाल रडका. पाण्याचे नमुने घेऊन येणाऱ्यांनी जाताना यातला एक दाबायचा. आठवड्यातून एक दिवस भिंगबाई खाली बसून लोकांना अहवाल समजावून देत, आणि नेमक्या त्याच दिवशी लाल चेहऱ्याला श्वास घ्यायला फुरसत मिळत नसे.

साहेबांनी त्यांना बोलावून घेतलं. साहेब स्वभावानं मऊ. वाईट बातमी सांगताना टेबलावरचा पेपरवेट गोल गोल फिरवत.

"मॅडम, तुमच्या कामाबद्दल प्रश्नच नाही. पण लोक म्हणतात, तुम्ही रागावता."

"कोणावर?"

"तेच त्यांना कळत नाही. एकानं सांगितलं, माझ्या विहिरीत जंतू सापडले, तर बाई अशा बघत होत्या जणू ते मीच सोडले."

"त्यानंच सोडले होते. विहिरीला लागून शोषखड्डा आहे त्याचा."

"ते झालंच. पण चेहरा, मॅडम... थोडा प्रसन्न ठेवता आला तर."

भिंगबाई संतापल्या. जंतू विहिरीत, शोषखड्डा विहिरीलगत, आणि दुरुस्ती कपाळाची! त्यांनी हा मुद्दा मनात अगदी व्यवस्थित मांडला. तेवढ्यात साहेब आठीकडे बघून म्हणाले, "हे बघा, आत्ताही तुम्ही रागावलात." आत्ता त्या खरोखरच रागावल्या होत्या, त्यामुळे काही बोलता आलं नाही.

घरी ही गोष्ट निघाली आणि उपायांना तोटा राहिला नाही. नवरा म्हणाला, "मला तर कधी जाणवलं नाही," आणि हे त्यानं मान वर न करता म्हटल्यामुळे त्याचं मत बाद झालं. शेजारचे विमाकाका जन्मभर विमा विकून निवृत्त झालेले. माणसाला पुढे काय काय होऊ शकतं हे सांगणं हा त्यांचा पिंडच. ते म्हणाले, "आजकाल इंजेक्शन देतात म्हणे कपाळात. आठी जाते. पण बाई, ते विष असतं हो!"

"विषच आहे," भिंगबाई म्हणाल्या. "फार थोड्या मात्रेत देतात."

"सगळी विषं थोड्या मात्रेतच देतात. जास्त दिलं की लोकांना चव कळते."

वन्सं मात्र उजळल्या. त्यांच्या ओळखीत एक डॉक्टरीणबाई होत्या. "अगं, दोन मिनिटांचं काम! मुंगी चावल्यासारखं. मी येते तुझ्याबरोबर." आणि वन्सं 'मी येते' म्हणाल्या की ती गोष्ट झालेलीच असते, फक्त तारीख उरते.

आता भिंगबाईंना त्या औषधाची माहिती इतरांपेक्षा जास्तच होती. ते ज्या जंतूपासून मिळतं त्याच्या जातभाईंना अन्नपाण्यापासून दूर ठेवण्यात त्यांची हयात गेली होती. त्यातल्या एकाची करणी आता आपण होऊन कपाळात टोचून घ्यायची, ही वैचारिक शरणागती होती. पण लाल चेहरा डोळ्यांसमोरून हटत नव्हता.

दवाखाना इतका पांढरा होता की भिंतीचा शेवट आणि डॉक्टरीणबाईंचा कोट यांतली सीमारेषा शोधावी लागे. डॉक्टरीणबाईंचं वय ओळखता येत नव्हतं. त्यांनी आधी स्वतःच विचारलं. रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू आहेत का, स्नायूंचा किंवा नसांचा काही आजार आहे का, कपाळावर पुरळबिरळ आहे का. भिंगबाईंना बरं वाटलं. नमुना घेण्याआधी बाटली तपासणारं माणूस त्यांना आवडत असे.

"आता तुमचे प्रश्न विचारा."

भिंगबाईंनी घसा साफ केला. दुखेल का, हा प्रश्न त्यांनी क्षुल्लक म्हणून गाळला होता. "हे औषध टोचलं तिथेच राहतं की सरकतं?"

"थोडंफार सरकू शकतं. म्हणून आज काही तास आडवं व्हायचं नाही, कपाळ चोळायचं नाही. हे सगळेच विचारतात."

भिंगबाई जरा हिरमुसल्या. स्वतंत्र बुद्धीनं काढलेला प्रश्न असा बाजारात सगळीकडे मिळत असेल अशी त्यांना कल्पना नव्हती.

"दुष्परिणाम?"

"डोकं दुखतं, टोचलेल्या जागी निळसर डाग पडतो. क्वचित पापणी उतरते, किंवा एखादी भुवई वर चढते. सगळं तात्पुरतं."

"तात्पुरतं म्हणजे?"

"डोकं दोन दिवस. पापणी काही आठवडे. भुवई राहिली तर परिणाम टिकेल तोवर."

"आणि परिणाम किती टिकतो?"

"तीन-चार महिने."

"म्हणजे परिणामही तात्पुरता आणि दुष्परिणामही तात्पुरता. मग दोन्हींत फरक कसा ओळखायचा?"

डॉक्टरीणबाईंनी हातातली सुई पुन्हा ट्रेमध्ये ठेवली. हे सगळेच विचारत नसावेत. तेवढ्यात वन्सं म्हणाल्या, "अगं, आवडला तो परिणाम, नाही आवडला तो दुष्परिणाम. टोचा हो तुम्ही!"

टोचलं. मुंगी चावल्यासारखं म्हणणाऱ्यांना बहुधा फार चांगल्या मुंग्या भेटलेल्या असाव्यात.

घरी आल्यावर आडवं व्हायचं नाही म्हणून भिंगबाई वेताच्या खुर्चीत ताठ बसल्या. चोळायचं नाही म्हणून हात मांडीखाली. पहारा द्यायला विमाकाका समोर बसले आणि भुवया सरकून गालावर आलेल्या एका गिऱ्हाइकाची हकिगत सांगू लागले. भिंगबाईंना ती खरी वाटली नाही. आठीनं अजून संप पुकारला नव्हता. ती पडली, आणि काका लगेच म्हणाले, "बरं, राहिलं," आणि उठले. आठीनं रजेवर जाण्यापूर्वी केलेलं हे शेवटचं काम.

आठवडा उलटता उलटता आठी गेली. कपाळ साबणाच्या नव्या वडीसारखं झालं. आणि त्याबरोबर डावी भुवई बाहेरच्या टोकाशी वर चढली ती चढलीच. भिंगबाईंनी आरशात स्वतःकडे पाहिलं तेव्हा आरशातली बाई म्हणत होती, "अय्या, खरंच? मग पुढे काय झालं?"

रागावून पाहिलं. आरशातली बाई उत्सुकच राहिली. ओठ घट्ट मिटून पाहिले. वर चढलेली भुवई आणि खाली मिटलेले ओठ मिळून असं वाटू लागलं की बाईंना मोठ्या कष्टानं हसू आवरावं लागतंय. बाहेरगावी शिकणाऱ्या मुलीनं फोनवर चेहरा पाहिला आणि किंचाळली, "आई, कोणी सांगितलं तुला?"

"काय?"

"काही नाही, काही नाही! तू अशी बघतेस म्हणून मला वाटलं कळलं तुला." तिला परीक्षेत काय झालं ते सांगावंच लागलं, आणि ते ऐकताना आई इतकी आनंदित दिसत होती की तिनं पुढच्या सहामाहीचंही कबूल करून टाकलं.

कचेरीत हजेरीचं यंत्र चेहरा बघून दार उघडायचं. ते उघडेना. हजेरीबाबूनं नोंदवहीतला जुना फोटो आणि समोरच्या बाई ताडून पाहिल्या.

"मॅडम, फोटोत तुम्ही रागावलेल्या आहात. एकदा तसं करून दाखवा, म्हणजे यंत्र धरेल."

"करता येत नाही."

"थोडंसं?"

"अहो, मी आत्ता रागावलेलीच आहे!"

बाबूनं निरखून पाहिलं आणि कौतुकानं मान हलवली. "मॅडम, तुम्ही चेष्टाही करता, हे माहीत नव्हतं." अखेर त्यांना 'पाहुणे' म्हणून आत सोडण्यात आलं. स्वतःच्या प्रयोगशाळेत, पाहुण्यांचं कार्ड गळ्यात अडकवून!

खाली खिडकीशी बसायचा दिवस आला. ज्याच्या विहिरीत जंतू होते तो गृहस्थ पुन्हा आला. भिंगबाईंनी त्याला शोषखड्ड्यावरून चांगलं फैलावर घेतलं. शब्द सगळे कडक होते. पण तो त्यांच्या चेहऱ्याकडे बघत हसत राहिला आणि जाताना त्यानं हिरवा चेहरा दोनदा दाबला. त्या दिवशी पेटी संध्याकाळपर्यंत हिरवीगार होती. शोषखड्डा होता तिथेच होता.

साहेब पेपरवेट न फिरवता आले. "मॅडम, कमाल केलीत! आता तुम्ही रोज खालीच बसा."

"आणि माझे नमुने?"

"बघू हो त्यांचं. नवीन यंत्र येतंय ना मोजणीचं." भिंगबाईंच्या मनात उत्तर तयार होतं: नवं यंत्र जंतू मोजेल, पण ओळखेल कोण? ते उत्तर त्या नेहमीच्या सवयीनं कपाळावर आणू गेल्या. कपाळानं ते घेतलं नाही. साहेबांना समोर दिसली ती एक उत्सुक, होकारार्थी बाई. "ठरलं तर," म्हणून ते गेले. त्याच दुपारी वर कोणीतरी सूक्ष्मदर्शकावर कापड घातलं.

भिंगबाई घरी आल्या त्या धुमसत. वन्सं वाटच पाहत होत्या.

"अगं, तो हास्यवर्गाचा विषय. तुझा विचार झाला का?"

भिंगबाई विचार करू लागल्या. वन्सं त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिल्या. पाहता पाहता वन्संचे डोळे पाणावले. "मला माहीत होतं! तू मनानं वाईट नाहीसच गं. दोन वर्षं मी उगीच तुला कठोर समजले." आणि त्यांनी भिंगबाईंना मिठीच मारली. मिठीत सापडलेल्या माणसाला 'नाही' म्हणणं तसं अवघड. ज्यानं आयुष्यात कधी म्हटलेलंच नाही, त्याला तर फारच.

दुसऱ्या दिवशी सकाळी वेताची खुर्ची बाल्कनीत उलटी होती आणि पुढच्या खोलीत अर्धी वसाहत हात वर करून उभी होती. वन्संनी शिट्टी फुंकली. "हा-हा-हा! आता हो-हो-हो! आता सिंहासारखं, जीभ बाहेर!" विमाकाकांची जीभ सर्वांत लांब निघाली. भिंगबाई चहाचा कप धरून दारात उभ्या होत्या. आत त्यांचा संताप उकळत होता. त्या तापमानाला कोणताही नमुना निर्जंतुक निघाला असता.

"वहिनीकडे बघा सगळे!" वन्सं ओरडल्या. "हा खरा आतून आलेला आनंद! कपाळावर एक रेघ नाही. हे आपलं ध्येय."

सर्वांनी ध्येयाकडे पाहिलं आणि टाळ्या वाजवल्या.

रात्री त्या नवऱ्याला म्हणाल्या, "मला हे सहन होत नाहीये."

नवऱ्यानं मान वर केली, त्यांच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "मला तर बऱ्याच दिवसांत तू इतकी खूश दिसली नव्हतीस." इतक्या वर्षांत एकदा माणसानं मान वर करावी, आणि तीही नेमकी आत्ता!

त्यांनी दवाखान्यात फोन लावला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "या ना, भुवईवर एक थेंब टोचला की ती खाली येईल. पैसे घेणार नाही."

"आणि आठी?"

"ती तीन-चार महिने येणार नाही. काळजीच करू नका."

"ती लवकर आणता येईल का?"

"हे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मला अजून कोणी विचारलेलं नाही."

आणता येत नव्हती. औषध आपल्या गतीनंच उतरणार होतं. भिंगबाईंनी भुवईवरचा थेंब नाकारला. एका दुष्परिणामावर दुसरा परिणाम टोचून घेण्याइतका त्यांचा आता परिणामांवर विश्वास उरला नव्हता. म्हणजे तीन-चार महिने रोज सकाळी सिंह, आणि नंतर दिवसभर पाहुण्यांचं कार्ड. आणि आठी परत आल्यावर ती बघून एकदा बसलेला वर्ग आपण होऊन उठेल किंवा एकदा सुटलेलं काम परत येईल, याची खात्री कोण देणार? विमाकाकासुद्धा असा विमा विकत नसत.

त्यातच वन्संनी वर्गाचं रीतसर उद्घाटन ठरवलं. वर्ग आधीच सुरू झालेला होता, पण उद्घाटनाला त्याची अडचण नसते. पाहुणे म्हणून खुद्द साहेब. रविवारी सकाळी पुढच्या खोलीत फीत बांधली गेली. ती खिडकीच्या ज्या खिळ्याला बांधली, त्याच्याच खाली वेताच्या खुर्चीच्या पायांनी पाडलेले चार खळगे फरशीवर होते. भिंगबाईंची नजर तिथे गेली आणि तिथेच राहिली.

साहेबांनी फीत कापली. "प्रसन्नतेचं बळ काय असतं, ते आमच्या मॅडमनी कचेरीला दाखवलं. म्हणून मी आजच जाहीर करतो, मॅडम यापुढे कायमच्या खालच्या खिडकीवर बसतील. सूक्ष्मदर्शक आम्ही साठ्याच्या खोलीत हलवतोय."

टाळ्या पडल्या. वन्संनी शिट्टी फुंकली.

"वहिनी, दोन शब्द बोल ना गं!"

"त्यांना कशाला त्रास?" साहेब प्रेमानं म्हणाले. "मॅडम फार बोलत नाहीत. त्यांचा चेहराच बोलतो."

आणि इथे भिंगबाईंच्या ध्यानात आलं. एखाद्या नमुन्यात जे कित्येक दिवस डोळ्यांसमोर पोहत असतं आणि भिंग अर्धा फेरा फिरवल्यावर एकदम ठळक होतं, तसं. चेहराच बोलत होता. पूर्वीही तोच बोलायचा. त्यांच्या वतीनं एक स्नायू वर्षानुवर्षं सगळ्यांशी भांडत होता, आणि त्या स्वतः मात्र विचार करत बसल्या होत्या. विचार तर दोन वर्षांपूर्वीच पूर्ण झाला होता. पहिल्याच दिवशी झाला होता.

त्या बाल्कनीत गेल्या. उलटी खुर्ची सुलटी केली, उचलून आणली आणि लोकांना बाजूला सारत चार खळग्यांवर ठेवली. चारही पाय बरोबर बसले. मग त्या खुर्चीत बसल्या.

"वन्सं," त्या म्हणाल्या. आवाज थोडा घोगरा निघाला, न वापरलेल्या नळाला आधी गढूळ पाणी येतं तसा. "उद्यापासून हा वर्ग इथे भरणार नाही."

खोलीत कोणीतरी कौतुकानं हसलं. वन्संनी आधी वहिनीच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग साहेबांकडे, मग पुन्हा चेहऱ्याकडे. आणि त्यांना हायसं वाटलं. "ऐकलंत? काय गंमत करते बघा!"

"आणि साहेब, खिडकीवर मी बसणार नाही. सूक्ष्मदर्शक आहे तिथेच राहील आणि सोमवारी मी त्याच्यापाशी असेन."

साहेबही हसायच्या बेतात होते. नवऱ्यानं दारातून मान वर केली. सगळ्यांच्या नजरा त्या गुळगुळीत कपाळावर आणि चढलेल्या भुवईवर होत्या, आणि तिथे अजूनही कोणीतरी, 'अय्या, खरंच?' असं विचारत होतं.

"चेहऱ्याकडे बघू नका," भिंगबाई म्हणाल्या. "मी बोलतेय ते ऐका. नाही."